आठवण कोणाच्या नावाने?

एआयमुळे कोणाकोणाच्या नोकऱ्या जातील यावर आपण गेली काही वर्षं बोलतोय. मला सध्या छळणारा प्रश्न त्याहून बराच लहान आहे. वर्धेतलं एक सी.ए. ऑफिस दर महिन्याला दोनशेच्या आसपास लोकांना एकच गोष्ट सांगतं : तुमची बिलं अजून आली नाहीत, लवकर पाठवा. हे वाक्य माणसाऐवजी यंत्राने म्हटलं, तर काही बिघडतं का?

तांत्रिक बाजूने विचाराल तर काहीच बिघडत नाही. व्हॉट्सॲपचं बिझनेस खातं, क्लायंटची यादी आणि एखादं भाषा-मॉडेल एकमेकांना जोडलं की आठवड्याभरात काम सुरू होतं. मी हिंगणघाटची. सेवाग्रामला इंजिनिअरिंग केलं आणि आता घरी बसून पुण्यातल्या एका कंपनीसाठी कोड लिहिते. या ऑफिसच्या सरांनी विचारलं, "आमच्या फॉलोअपला एआय लावून देशील का? पण सुरक्षितपणे हं." हो म्हणायला वेळ लागला नाही. वेळ लागला तो 'सुरक्षितपणे' या शब्दाला. कोणाची सुरक्षितता, हे सरांनी सांगितलं नव्हतं. ऑफिसची, क्लायंटची, की रोज फोन लावणाऱ्या ताईंची? तिघांची एकदम होते का? गेले तीन महिने मी याच प्रश्नाभोवती फिरतेय, आणि मला वाटतं तो फक्त या एका ऑफिसचा प्रश्न नाही.

फॉलोअप म्हणजे काय

ज्यांनी सी.ए. ऑफिस आतून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ऑफिसचा महिना सरकारी तारखांवर चालतो. ११ तारखेला विक्रीचं जीएसटीआर-१, २० तारखेला ३-बी, दर तिमाहीला टीडीएस, जुलैत पगारदारांचे रिटर्न, सप्टेंबरात ऑडिट. प्रत्येक वेळी क्लायंटकडून कागद यावे लागतात : विक्रीची बिलं, खरेदीची बिलं, बँकेचं स्टेटमेंट. क्लायंट आपल्या धंद्यात असतो, त्याला आठवत नाही. ३-बीला उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये लेट फी, महिन्यात एक रुपयाची विक्री नसली तरी २० रुपये. कर थकला तर वर्षाला १८ टक्के दराने व्याज वेगळं. थोडक्यात, तारीख सरकारची, कागद क्लायंटचे आणि धावपळ ऑफिसची.

या धावपळीला ऑफिसात 'फॉलोअप' म्हणतात. जुना शब्द 'तगादा'. आता तगादा हा शब्द आपल्याकडे पैशाला चिकटलेला आहे. सावकाराचा माणूस, सोसायटीची नोटीस, बँकेच्या वसुलीवाल्याचा फोन. विदर्भात ज्याच्या घरी शेती आहे किंवा शेतकऱ्यांशी उधारीचा व्यवहार आहे, त्याच्या कानाला 'अजून आलं नाही' हे शब्द साधे लागत नाहीत. कागद मागणं वेगळं आणि पैसे मागणं वेगळं, हे ऑफिसला ठाऊक असतं. पण ऐकणाऱ्याला पहिल्या क्षणी दोन्हींचा सूर एकच वाटतो. फरक पडतो तो आवाजाने.

ताईंची वही

या ऑफिसात हा आवाज चौदा वर्षं एकाच ताईंचा आहे. त्या पुलगावहून रोज रेल्वेने येतात. काम समजून घ्यायला मी २० तारखेच्या आठवड्यात दोन दिवस त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की त्या यादीच्या क्रमाने फोन करतच नाहीत. जिनिंगवाल्या शेठजींना रात्री नऊनंतर, कारण कापसाच्या हंगामात दिवसा ते गाड्यांच्या मागे असतात. डॉक्टरांना रविवारी सकाळी. हार्डवेअरच्या दुकानात मालकाला नाही, सुनेला, कारण हिशेब ती ठेवते. एक क्लायंट "पाठवतो न जी" असं एकदा म्हणाला तर उद्या कागद येतात, तिसऱ्यांदा म्हणाला तर काहीतरी अडलेलं असतं.

हे 'अडलेलं' काय असतं, त्याचं एक उदाहरण देते. गावातलं कृषी सेवा केंद्र. मालक एरवी वेळेवर कागद देणारा. नोव्हेंबरात त्याने पुरवठादारांच्या देण्यांची यादी द्यायचं टाळलं. फोन उचलत नव्हता, मेसेज वाचून गप्प. माझ्या सिस्टिममध्ये याची नोंद झाली असती : तीन आठवणी, उत्तर नाही.

ताईंना मात्र शंका आली. जीएसटीत एक नियम आहे. खरेदीच्या बिलाचे पैसे १८० दिवसांत पुरवठादाराला दिले नाहीत, तर त्या बिलावर घेतलेलं कराचं क्रेडिट व्याजासकट परत करावं लागतं. कृषी केंद्रवाला खत-औषधं मे-जूनमध्ये भरतो आणि शेतकऱ्याला उधारीवर देतो. शेतकऱ्याच्या हातात पैसा येतो सोयाबीन विकल्यावर, कापूस विकल्यावर. मे महिन्यापासून १८० दिवस मोजा, नोव्हेंबर येतो. ज्या वर्षी पाऊस लांबतो त्या वर्षी हा हिशेब जुळत नाही. म्हणजे ती यादी देणं म्हणजे 'मी अडकलोय' असं लेखी देणं.

ताईंनी फोन केला तेव्हा यादीचं नावच काढलं नाही. "भाऊ, सोयाबीनचे पैसे आले का लोकायचे?" एवढंच विचारलं. पुढचा अर्धा तास तोच बोलला. कोणती बिलं १८० दिवसांच्या आत आहेत, कोणत्या डिस्ट्रिब्युटरला थोडे तरी पैसे देता येतील, क्रेडिट कधी परत करावं लागेल आणि पैसे दिल्यावर ते पुन्हा कसं घेता येतं, हे सगळं त्या फोनमध्ये झालं. चौथ्या दिवशी यादी आली.

अशा वेळी कोणत्याही इंजिनिअरच्या मनात येईल तेच माझ्या मनात आलं : ताईंना जे माहीत आहे ते मॉडेललाही सांगू या.

सांगता येतं, पण सांगावं का?

ताईंकडे एक वही आहे. क्लायंटच्या नावांपुढे त्यांनी बारीक अक्षरात काहीबाही लिहिलेलं असतं. 'वडील गेले.' 'भावांची वाटणी चालू.' 'मुलीचं लग्न.' 'मिसेस नागपूरला दवाखान्यात.' ही वही टाइप करून मॉडेलला दिली, तर ते आजही अतिशय हळुवार मेसेज लिहील. आधी सांत्वन, मग चौकशी, मग शेवटी कागदांचा उल्लेख. कदाचित ताईंपेक्षा शुद्ध मराठीत.

तरी मी ती वही दिलेली नाही. कारण सांगते.

कायद्याचं कारण आहेच. १९४९ च्या चार्टर्ड अकाउंटंट्स कायद्यानुसार कामाच्या ओघात कळलेली क्लायंटची माहिती त्याच्या संमतीशिवाय दुसऱ्याला देणं हे व्यावसायिक गैरवर्तन ठरतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचं सूत्रही असंच आहे, की माहिती ज्या कामासाठी दिली त्याच कामासाठी वापरावी. पण कायदा बाजूला ठेवला तरी प्रश्न उरतो. 'वडील गेले' हे त्या माणसाने कोणाला सांगितलं? ऑफिसला नाही, सर्व्हरला तर नाहीच. फोनवर ओळखीचा आवाज होता, त्या आवाजाला सांगितलं.

एकच माहिती जागा बदलली की स्वभाव बदलते. 'भावांची वाटणी चालू' हे ताईंच्या डोक्यात आहे तोवर सांभाळून घेण्याचं कारण आहे. डेटाबेसमध्ये गेलं की ते एका रकान्याचं मूल्य होतं. त्याच्यावर शोध घेता येतो, त्याची यादी काढता येते. उद्या ऑफिसात दुसरं कोणी येईल आणि विचारेल, ज्यांच्या घरात भांडणं आहेत त्यांची फी आधीच घ्यायची का? वर्धा लहान आहे. कर्ज देणारे, सोयरीक जुळवणारे आणि धंद्यातले स्पर्धक एकाच चौकात चहा पितात. शिवाय ताई विसरतात. वर्षभराने 'दवाखाना' हा शब्द त्यांच्याही लेखी पुसट होतो, आणि ते विसरणं त्यांच्या सभ्यतेचा भाग आहे. सर्व्हरला असं विसरता येत नाही, त्याच्याकडून मुद्दाम पुसून घ्यावं लागतं.

म्हणजे पेच असा : काहीच माहीत नसलेलं यंत्र उद्धट वागेल, आणि सगळं माहीत असलेलं यंत्र चोरून ऐकणारं ठरेल. हळुवारपणा हवा असेल तर पाळत ठेवावी लागेल, असा हा सौदा आहे. आपल्या फोनमधली निम्मी ॲप्स हाच सौदा आपल्याशी करतात, म्हणून तो आपल्याला खटकेनासा झालाय.

मी यातून काढलेला मार्ग फार साधा आहे. प्रत्येक क्लायंटच्या नावापुढे एक चौकोन ठेवला : 'थांबा'. ताईंनी त्यावर खूण केली की यंत्र त्या माणसाला मेसेज पाठवणार नाही, तो माणूस ताईंच्या हातच्या यादीत जाईल. कारण लिहायची जागाच ठेवलेली नाही. कारण ताईंपाशी राहील. कोडच्या भाषेत हे फक्त हो किंवा नाही आहे, तासाभराचं काम. पण यंत्राला 'गप्प बस' म्हणताना त्याला स्पष्टीकरण द्यावं लागू नये, हा माणसाचा अधिकार मला सगळ्या सिस्टिममध्ये महत्त्वाचा वाटतो.

हिशेबनिसाचा आक्षेप

इथे थांबले असते तर लेख गोड झाला असता. पण वर्ध्यात बसून हिशेबाबद्दल लिहायचं आणि जे. सी. कुमारप्पांना टाळायचं, हे जमत नाही.

कुमारप्पा मूळचे तंजावरचे. लंडनमध्ये हिशेबाचं शिक्षण घेऊन मुंबईत ऑडिटरचा व्यवसाय करणारे गृहस्थ. पुढे ते गांधीजींच्या कामात आले आणि १९३४ च्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला तेव्हा त्याची धुरा त्यांच्याकडे आली. संघाचं ठाणं वर्धेतच, जमनालाल बजाजांनी दिलेल्या जागेत, मगनवाडीत होतं. त्याच वर्षी जानेवारीत बिहारमध्ये मोठा भूकंप झाला होता आणि मदतनिधीच्या हिशेबाचं काम कुमारप्पांवर होतं. तिथली एक आठवण सांगितली जाते : गांधीजी आणि त्यांच्या बरोबरच्या मंडळींचा खर्च मदतनिधीतून करायला त्यांनी नकार दिला. निधी भूकंपग्रस्तांचा आहे, पाहुण्यांचा नाही, मग पाहुणा कोणीही असो.

या माणसाने माझा 'थांबा'चा चौकोन पाहिला असता तर पहिला प्रश्न काय विचारला असता, याचा मला अंदाज आहे : ही खूण कोणाच्या नावापुढे होते, आणि कोणाच्या नावापुढे होत नाही?

आक्षेप बरोबर आहे. ताईंची माया ताईंच्या ओळखीच्या माणसांपर्यंत पोहोचते. जिनिंगच्या शेठजींना तीन फोन जातात, कारण त्यांची फी मोठी आहे. कारंज्याच्या शिलाईकामवाल्याला, आष्टीच्या लहान ठेकेदाराला एक मेसेज जातो, आणि घाईच्या महिन्यात तोही राहतो. मग रिटर्न राहतं, आणि ज्याची महिन्याची विक्री शून्य आहे त्याच्या नावावर दिवसाला २० रुपये चढत जातात. यात कोणाचा दुष्टपणा नसतो, वेळ अपुरा असतो इतकंच. पण अपुरा वेळ नेहमी एकाच बाजूच्या लोकांना कमी पडतो. माणसाच्या ऊबदार स्पर्शाचं कौतुक करणाऱ्यांनी एकदा तपासावं, आपण ती ऊब मिळणाऱ्यांत आहोत म्हणून तर कौतुक करत नाही ना?

यंत्र चेहरा पाहत नाही. ५ तारखेला शेठजींना आठवण गेली तर शिलाईवाल्यालाही जाते. एरवी जो कोरडेपणा आपल्याला नकोसा वाटतो, तो त्याच्यासाठी न्याय असतो. त्यामुळे माझ्या मते एआय अजिबात नको म्हणणं हीसुद्धा एक चैन आहे.

मग मी कामाचे दोन भाग केले. आठवण सगळ्यांना सारखी, ती यंत्राची. सवलत प्रत्येकाला वेगळी, ती माणसाची, पण झाकलेली नाही. दर शुक्रवारी सर 'थांबा'ची यादी पाहतात : किती नावं, किती दिवसांपासून. कारण विचारत नाहीत, पण तीच ती नावं दिसली तर विचारू शकतात. आणि चौकोनाच्या शेजारी लेट फीचा आकडा रोज वाढताना दिसतो. आपण थांबलो म्हणून पोर्टल थांबत नाही, आणि मायेपोटी खूण करून विसरून गेलो तर त्याचं बिल क्लायंटच्या नावावर फाटतं.

खाली सही कोणाची

पुढचा वाद मेसेजच्या शेवटच्या ओळीवरून झाला. सरांचं म्हणणं होतं, मेसेज यंत्राने लिहिला तरी खाली ताईंचं नाव असू दे. लोक लवकर उत्तर देतात. हे खरं आहे, देतील.

यात फसवणूक आहे का? साहेबांच्या सहीचं पत्र कारकुनाने लिहायची पद्धत जुनीच आहे, त्याला कोणी खोटं म्हणत नाही. पण त्या पद्धतीत एक गोष्ट गृहीत होती : सही करण्याआधी साहेब पत्र वाचत. सहीचा अर्थ 'हे मी लिहिलं' असा नव्हता, 'याचा जाब मी देईन' असा होता. न वाचता केलेल्या सहीत हाच अर्थ उरत नाही.

जाब कोणी द्यायचा हा प्रश्न कल्पनेतला नाही. कॅनडात एका माणसाची आजी वारली. विमानाच्या तिकिटावर शोकप्रसंगाची सवलत प्रवासानंतरही मागता येते, असं एअर कॅनडाच्या वेबसाइटवरच्या चॅटबॉटने त्याला सांगितलं. ते चुकीचं होतं. कंपनीने पैसे नाकारले आणि न्यायाधिकरणापुढे युक्तिवाद केला की चॅटबॉट ही वेगळी संस्था आहे, त्याच्या बोलण्याला तोच जबाबदार. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या न्यायाधिकरणाने तो युक्तिवाद फेटाळला आणि कंपनीला भरपाई द्यायला लावली. आपल्या जवळचं उदाहरण ऑक्टोबर २०२५ चं. मुंबई उच्च न्यायालयाने एका कंपनीविरुद्धचा आयकर आकारणीचा आदेश रद्द केला, कारण आदेशात आधार म्हणून दिलेले तीन निकाल मुळात अस्तित्वातच नव्हते. एआयच्या काळात यंत्राने काढून दिलेलं तपासल्याशिवाय वापरू नये, असं न्यायालयाला बजावावं लागलं. आदेशावर नाव यंत्राचं नसतं, अधिकाऱ्याचं असतं.

म्हणून आता दोन प्रकारचे मेसेज जातात. एक यंत्राचा. त्यात पहिल्याच ओळीत सांगितलेलं असतं की ही ऑफिसच्या सिस्टिमची आठवण आहे, बोलायचं असल्यास ऑफिसच्या नेहमीच्या नंबरवर फोन करा. दुसरा ताईंच्या नावाचा. त्याचा मसुदा यंत्र करून देतं, पण ताईंनी वाचून 'पाठवा' दाबल्याशिवाय तो जात नाही. आणि क्लायंटने उलट प्रश्न विचारला, 'या महिन्यात रिटर्न नाही भरलं तर चालते का?', तर यंत्राने उत्तर द्यायचंच नाही. असा प्रश्न बहुतेक वेळा कायद्याचा नसतो, परिस्थितीचा असतो. मॉडेल मात्र दोन सेकंदांत आत्मविश्वासाने कायदा सांगायला बसेल, आणि तो बरोबर असेल याची खात्री नाही.

आवाज ओळखून दिलेला ओटीपी

आता सगळ्यात अडचणीची गोष्ट. सी.ए. ऑफिसात दिवसातून कितीतरी वेळा एक फोन होतो : "काका, तुमच्या मोबाइलवर सहा आकडे आले असतील, सांगा बरं." आणि काका सांगतात. ओटीपी कोणाला सांगू नये, हे बँकेने त्यांना शंभरदा सांगितलेलं आहे. तरी सांगतात, कारण ते आवाज ओळखतात. त्यांचा विश्वास प्रक्रियेवर नाही, माणसावर आहे.

या विश्वासावर यंत्र बसवलं तर काय होईल? घाई करणारा मेसेज, त्यात दंडाची भीती, खाली एक लिंक. फसवणुकीचा मेसेज हुबेहूब असाच असतो. आपण ऑफिसच्या नावाने दर महिन्याला असे मेसेज पाठवले तर आपण कागद मागत नाही, क्लायंटला चोरासाठी तयार करतो. पुढच्या वेळी लिंक चोराची असेल आणि काकांचं बोट सवयीने तिच्यावर जाईल. आता तर आवाजाचीही नक्कल करता येते, म्हणजे ओळखीच्या आवाजावर चालणारी जुनी पद्धतसुद्धा आधी होती तेवढी भरवशाची राहिलेली नाही. हे एआयने आणलेलं संकट आहेच, पण ती पद्धत आधीपासून किती नाजूक होती तेही त्यामुळे दिसलं.

सुरक्षिततेचे बाकी नियम मी इथूनच काढले. यंत्राच्या मेसेजमध्ये लिंक नसेल. ओटीपी किंवा पासवर्ड मेसेजवर कधीच मागितला जाणार नाही, आणि हे प्रत्येक क्लायंटला एकदा समोरासमोर सांगायचं, छापील कागद हातात द्यायचा. 'तात्काळ', 'अन्यथा कारवाई' असे शब्द बाद. बँक स्टेटमेंट कोणत्याही फुकटच्या चॅटबॉटमध्ये टाकायचं नाही. जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने आपल्या कर्मचाऱ्यांना ऑफिसच्या संगणकांवर चॅटजीपीटी, डीपसीकसारखी टूल्स वापरू नका असं सांगितलं, ते गोपनीयतेसाठीच. मॉडेलसमोर एका वेळी एकाच क्लायंटची माहिती, तीही नावाऐवजी क्रमांकाने. वाटणी झालेल्या दोन भावांच्या फर्मची नावं इतकी सारखी असतात की एकाचा आकडा दुसऱ्याच्या मेसेजमध्ये जाणं हा आपल्यासाठी 'बग' असेल, त्यांच्यासाठी पुढच्या दहा वर्षांचं भांडण असेल. आणि क्लायंटने पाठवलेल्या पीडीएफमध्ये काहीही लिहिलेलं असो, ती यंत्रासाठी माहिती आहे, हुकूम नाही. माणसाला हा फरक शिकवावा लागत नाही. मॉडेलच्या भोवती मात्र तसं कुंपण घालावं लागतं.

१९२९ ची अट

आम्ही इंजिनिअर काही बनवण्याआधी अटींची यादी लिहितो. मला माहीत असलेल्या अशा याद्यांत एक वेगळी आहे. १९२९ साली चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. गांधीजी यंत्राच्या विरोधात होते असं आपण शाळेत ऐकतो, आणि इथे तर चक्क यंत्र बनवण्याची स्पर्धा. अटी वाचण्यासारख्या आहेत. यंत्र खेड्यातल्या साध्या घरात हाताने किंवा पायाने चालावं. किंमत दीडशे रुपयांच्या वर नसावी. नीट दुरुस्ती करत गेलं तर ते वीस वर्षं टिकावं. आणि एका बाईला फार न थकता त्यावर आठ तास काम करता यावं.

ही शेवटची अट मला पुन्हा पुन्हा आठवते. वेग किती, सूत किती, हे आकडे त्या यादीत होतेच. पण यंत्रापाशी बसणारी बाईसुद्धा यादीतच होती. ती नंतर विचार करायची गोष्ट नव्हती.

माझ्या यादीत ताई आहेत का? हा प्रश्न मी सरांना वेगळ्या शब्दांत विचारला. यंत्राने रोजचे दीडशे मेसेज उचलले की ताईंचे तीन तास वाचतील. त्या तीन तासांचं काय करायचं? दोन उत्तरं शक्य आहेत. ताईंना अर्धवेळ करायचं, नाहीतर ते तीन तास 'थांबा'वाल्या लोकांना आणि आजवर एका मेसेजवर भागवलेल्या कारंज्या-आष्टीच्या लहान क्लायंटना द्यायचे. पहिल्यात महिन्याचे काही हजार वाचतात. दुसऱ्यात काय मिळतं ते एक्सेलमध्ये दाखवता येत नाही, निदान पहिल्या वर्षी तरी नाही. मी सुचवलं की सिस्टिमचं यश 'किती मेसेज गेले' यावर मोजू नका, 'ताईंनी किती जणांशी नीट बोलणं केलं आणि किती लेट फी वाचली' यावर मोजा. सर म्हणाले, "बघू."

'बघू' म्हणजे नाही, असं मी समजत नाही. पण हो असंही समजत नाही. इथे माझ्या कोडची हद्द संपते. 'थांबा'चा चौकोन मी बनवू शकते. त्यावर खूण करणारं माणूस पुढच्या वर्षीही त्या खुर्चीत असेल, हे कोणत्याही प्रोग्रॅममध्ये लिहिता येत नाही. ते ठरवावं लागतं, दर महिन्याला पगाराच्या दिवशी. आणि ते माणूस नसेल, तर वर सांगितलेला एकही नियम सुरक्षिततेचा राहत नाही. मसुदे न वाचता जातील, चौकोन रिकामे राहतील आणि नेहमीच्या नंबरवर फोन केला तर पलीकडे यंत्रच असेल.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना येत्या वर्षात कोणीतरी काका, मामा, दुकानदार, डॉक्टर विचारणार आहेत : आमच्याकडे एआय लावून देतोस का? लावून द्या. लहान माणसाला वेळेवर आठवण मिळणं ही चांगली गोष्ट आहे. फक्त पहिल्या दिवशी एवढं विचारून घ्या, की मेसेज मिळालेल्या माणसाने उलट फोन केला तर तो कोण उचलणार आहे, आणि त्या उचलणाऱ्याला यंत्र थांबवायचा अधिकार आहे का. सध्या वर्धेतल्या त्या ऑफिसात फोन ताई उचलतात. या महिन्यात 'थांबा'च्या यादीत अकरा नावं आहेत, आणि त्यांची कारणं मला माहीत नाहीत.